ज्यांना काहीच द्यायचं नव्हतं

१

सहा उंदीर बरे झालेले सापडले, आणि त्या इमारतीत कुणाचाच जीव थाऱ्यावर राहिला नाही.

मेलेले सापडले असते तर एवढा गवगवा झाला नसता. उंदीर मरतात; त्यासाठी वेगळी वही आहे, वहीत रकाना आहे. पण या सहांनी बरं व्हायचंच नव्हतं. आजारी राहायचं, एवढंच त्यांचं काम.

तळमजल्यावरच्या ॲनिमल हाउसमध्ये एक लोखंडी मांडणी होती, चार फळ्यांची. वरच्या फळीवर धडधाकट पांढरे उंदीर. खालच्या तिन्ही फळ्यांवरच्यांना सुई टोचून मधुमेह जडवलेला. त्यातल्या पहिल्या फळीला बाजारातलं जुनं औषध, दुसरीला बेडकीच्या, म्हणजे गुडमारच्या वेलीच्या, पाल्याचा अर्क, आणि अगदी खालच्या फळीला नुसतं पाणी. तेही इतरांसारखंच, तोंडात नळी घालून, म्हणजे त्रास सगळ्यांना सारखा. खालच्या फळीला सगळे ‘कंट्रोल’ म्हणत. त्यांच्या आजाराशी ताडून बाकीच्यांचं बरेपण मोजायचं.

पाल्याचा प्रयोग जिचा, तिला सगळे पालेवाली म्हणत. शेजारच्या टेबलावरचा तरुण एका झाडाची साल घेऊन तोच आजार हटवू पाहत होता, तो सालवाला. सोमवारी, एकविसाव्या दिवशी, उपाशीपोटी साखर मोजायची होती. पालेवाली शेपटीच्या टोकाला टोचून थेंब यंत्रावर घेत होती, आकडे मोठ्याने वाचत होती. सालवाला लिहीत होता.

खालच्या फळीशी आल्यावर ती म्हणाली, “दोनशे दहा.”

मग दोनशे चार. मग दोनशे पंधरा.

चौथ्या आकड्याला सालवाल्याचं पेन थांबलं. “पुन्हा वाच.”

“दोनशे आठ.”

“दोन आठवड्यांपूर्वी हेच दोनशे नव्वद होते.” त्याने पानं मागे उलटली. “काही न देता ऐंशीने उतरली. तुझ्या पाल्याची दोनशे पंच्याऐंशीवरून एकशे नव्वद. म्हणजे पंचाण्णव. मग तुझ्या पाल्याने केलं काय गं? पंधरा?”

तिने फ्रिज उघडून अर्काची बाटली उजेडात धरली. कुठल्या दिवशी किती अर्क उरायला हवा, याच्या रेघा तिने पहिल्याच दिवशी बाटलीवर पेनाने मारून ठेवल्या होत्या. अर्क आजच्या रेघेच्या तीन बोटं खाली होता.

२

प्राण्यांवरच्या प्रयोगांवर नजर ठेवणाऱ्या समितीवर एक माणूस बाहेरचा असावा लागतो, ज्याला ना अर्काचं सोयर ना उंदरांचं सुतक. तो माणूस म्हणजे बाई. सदतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. सदतीस वर्षांत त्यांना कुणी नावाने हाक मारली नाही, आणि आता हाक मारायलाच कुणी नव्हतं. घरात दोन खुर्च्या. एकीवर त्या बसत, दुसरीवर जुनी वर्तमानपत्रं. आईच्या तोंडच्या ओव्यांनी त्यांचं लहानपण भरलेलं. त्याच चालीवर त्या आताशा स्वतःच्या दोन ओळी जुळवत, आणि कुणी ऐकत नाही म्हणून मोठ्याने म्हणत:

*माझ्या एकटीच्या घरी खुर्च्या मांडिल्या मी दोन,*
*एकीवर बसे मीच, दुसरीला पुसे कोण.*

सोमवारी संध्याकाळी फोन वाजला तेव्हा त्यांनी तो दुसऱ्या घंटेला उचलला. पहिल्या घंटेला उचलला तर माणूस वाट पाहत बसलाय असं वाटतं.

फोनवर विभागप्रमुख होते, सगळ्यांचे सर. बोलणं मोजूनमापून, जसं काही शब्दाला वजनकाटा लावलेला.

“कुणीतरी कंट्रोलच्या उंदरांना पाल्याचा अर्क पाजतंय. बाटलीही उतरली आहे. गुरुवारी समिती बसेल. तोवर मला नाव हवं.”

“आणि नाव नाही मिळालं तर?”

“प्रयोग बाद. प्रयोग करणाऱ्या मुलीची मुदत महिनाअखेर संपते. पुन्हा मिळणार नाही. किल्ल्या पिंजरे धुणाऱ्या मामांकडे असतात, तेव्हा त्यांनाही घरी पाठवावं लागेल.”

“त्या खोलीत दिवसभर कोण कोण येतं?”

“सकाळी दोघं संशोधक. मग मामा. दुपारी दोन ते अडीच मामा जेवायला जातात, तेव्हा तिथे कुणी येत नाही, याची मला खात्री आहे. त्यामुळे जे झालं ते सकाळी किंवा संध्याकाळी. तेवढंच तपासा.”

बाईंनी फोन ठेवला. काहीतरी खटकलं होतं, तांदळात दाताखाली खडा यावा तसं. पण खडा नेमका कुठल्या घासात होता, ते कळेना.

३

मंगळवारी पालेवालीने बाईंना पायात घालायला रबरी चपला दिल्या, अंगावर पांढरा कोट चढवला आणि एक वाळकं पान हातावर ठेवलं.

“चावा. गिळू नका. आता ही साखर घ्या.”

बाईंनी साखरेची चिमूट जिभेवर ठेवली. वाळू. नदीकाठची धुतलेली वाळू, तिला गोडीचा गंधही नाही.

“अर्धा तास कशाचीच गोडी लागणार नाही,” पालेवाली म्हणाली. “लोकांना वाटतं, जीभ फसवतो तो पाला साखरही हटवणार. म्हणून मला हसतात. पण बाई, पोटात जाऊनही तो काम करतो. मला ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे की वाटतं?”

तिने उरलेली पानं डब्यात परत टाकली. एकोणतीस-तीसची असेल. डोळ्यांखाली काळं. “तीन वर्षं मी या खोलीत काढली. माझा भाऊ म्हणतो, तू उंदरांशी लग्न केलंस. रविवारीसुद्धा येते. घरी खोलीवर जाऊन तरी काय करू, भिंतीला नळी घालू?”

बाईंना हसू आलं, पण आपली दुसरी खुर्चीही आठवली.

“तुझे उंदीर तुला ओळखतात का गं?”

“ओळखतात ना. मी आले की कोपऱ्यात जाऊन गोळा होतात. नळी घालणारी बाई मी. मी तरी काय करणार?” तिने पाल्याच्या फळीवरच्या पिंजऱ्याचं झाकण नुसतं उचललं. आतला उंदीर खरोखरच भुशात अंग चोरून बसला. त्याच्या पाठीची कातडी थरथरत होती.

मांडणीच्या पायाशी एक बुटकं स्टूल होतं. बाईंनी विचारलं, “यावर कोण बसतं?”

“कुणी नाही. मामांचे गुडघे वाकत नाहीत. मी उभ्यानेच काम करते.” मग तिचंच लक्ष गेलं. “पण हे इथे नसतं. हे वजनकाट्याच्या खोलीतलं.”

४

मामा ॲनिमल हाउसच्या बाहेरच्या खोलीत राहत नसले तरी तिथेच असत. तीस वर्षं पिंजरे धुऊन त्यांचे हात पांढरे पडले होते. बाईंनी त्यांच्यासमोर बसून थर्मासमधला चहा दोन पेल्यांत ओतला. बाईंना गोडाचं वेड. चहा नुसता पाकच होता.

मामांनी घोट घेतला आणि भिडस्तपणे म्हणाले, “बाई, साखर विसरलात वाटतं. असू द्या, मला असाही चालतो.”

बाईंनी आपला पेला उचलून चाखला. पाकच. त्यांनी पेला हळूच खाली ठेवला.

“मामा, किती दिवस घेताय अर्क?”

मामांनी हातातला पेला बाजूला सारला.

“बारा दिवस,” ते म्हणाले. “एक चमचा, दुपारी. मला साखर निघालीय. पोराला सांगितलं तर तो म्हणेल, काम सोडा आणि आमच्याकडे या. आणि तिकडे गेलो की सुनेच्या स्वयंपाकघराबाहेर स्टुलावर बसायचं, टीव्हीकडे तोंड करून. इथे निदान ही मंडळी आहेत.” त्यांनी आतल्या दाराकडे मान हलवली. “पोरीच्या औषधावर माझा भरवसा आहे हो. पण मी चोर आहे, ते खरं.”

“आणि खालच्या फळीला?”

“थेंब दिला नाही. लेकराची आण घेऊन सांगतो.”

“कोण विश्वास ठेवेल मामा? बाटली तुम्ही उतरवलीत, किल्ली तुमच्याकडे.”

“नका ठेवू. मी आपला अडाणी. पण मला एक सांगा.” मामा पहिल्यांदाच वर बघून बोलले. “साखरेचा उंदीर घडाघडा पाणी पितो आणि सारखा मुततो. भुसा सकाळी घालावा तो संध्याकाळी चिखल. पोरीने पाला सुरू केल्यावर आठवड्याभरात त्या फळीचा भुसा कोरडा राहायला लागला. आता दोनदाच बदलतो आठवड्यात. बाटलीतलं पाणीही निम्मंच संपतं. खालची फळी बरी झाली म्हणताय ना सगळे?”

“आकडा तसं म्हणतो.”

“मग त्यांचा भुसा मी अजून रोज का बदलतोय?”

५

हा काय तिढा? बाई रात्री अंथरुणावर तोच उलगडत राहिल्या. आकडा म्हणतो बरे, भुसा म्हणतो आजारी. अर्क पाजला असता तर भुसाही कोरडा झाला असता. म्हणजे खालच्या फळीला कुणीच औषध दिलेलं नाही. मग आकडा उतरला कशाने? सालवाल्याने खोटा लिहिला म्हणावं, तर वाचत होती ती स्वतः पालेवाली, आणि तिचंच त्यात नुकसान.

बुधवारी सकाळी त्यांनी सालवाल्याला गाठलं. तो बाकावर बसून साल कुटत होता.

“या बाई. मीच केलं असं लिहून टाका, म्हणजे तुमच्या फेऱ्या वाचतील.”

“का केलंस?”

“तिचा पाला पडला तर माझी साल पुढे जाते. कारण झकास आहे की नाही? पण घोळ असा की उंदरांनाही मी आवडत नाही, मुलींना नाही तसाच.” त्याने उठून आतल्या खोलीचं दार ढकललं. “बघा.”

तो मांडणीजवळ गेला तशी वरपासून खालपर्यंत पांढरी पाठ फिरली. सगळे कोपऱ्यात. खालच्या फळीवरचेही, फक्त त्यांची कातडी थरथरत नव्हती.

“चार बोटांवर दात आहेत त्यांचे,” तो म्हणाला. “मी पाजायला गेलो असतो तर पाचवंही गेलं असतं. मामांना धरू नका हो बाई. ते गेले तर इथे आम्हाला ‘जेवलात का’ विचारणारं कुणी उरणार नाही. सर तर विचारण्यातले नाहीत. त्यांच्याशी जेवायला बसायचं म्हणजे तोंडी परीक्षा. एकदा बसलो होतो, भाजीत मीठ आहे की नाही तेही आठवत नाही.”

“एकटेच जेवतात?”

“खोलीचं दार लावून. पाच मिनिटांत. मग कुठे जातात देव जाणे. परवा बघितलं, एवढा मोठा माणूस आणि कोटाच्या बाह्यांच्या दशा दशा झालेल्या. म्हटलं, सर, नवा कोट मागवू का? तर म्हणाले, आपापलं काम करा.”

तेवढ्यात सरच दारात उभे राहिले. उंच, थोडे वाकलेले, चेहरा बंद दुकानासारखा. सालवाला जागच्या जागी आखडला. सर आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेरूनच त्यांनी विचारलं, “बाई, काही प्रगती?”

बाई उत्तर देणार होत्या. पण त्यांचं लक्ष सरांच्या पाठीकडच्या उजेडात नव्हतं, ते खाली होतं. वरच्या तीन फळ्यांवर सामसूम. आणि सगळ्यात खालच्या फळीवर सहाच्या सहा उंदीर मागच्या पायांवर उभे राहून, पुढचे पंजे जाळीत अडकवून, दाराकडे नाक रोखून होते.

६

मग खडा कुठल्या घासात होता ते बाईंना कळलं. दोन ते अडीच तिथे कुणी येत नाही, याची मला खात्री आहे. जिथे कुणीच नसतं तिथे कुणी येत नाही, याची खात्री कुणाला असते? जो स्वतः तिथे असतो त्याला.

पण कोण हे कळलं म्हणून कसं ते कळत नाही. बाईंनी पालेवालीला जिन्यात बोलावलं.

“पोरी, मी विज्ञान शिकवलंय, पण शाळेतलं. चुकले तर सांग. माझ्या वर्गात एक मुलगी होती. घरी पाढे घडाघडा म्हणायची. तपासनीस आले की सात चोक किती तेही आठवायचं नाही. मार्क मिळायचे ते पाढ्यांचे नव्हते, धडधडणाऱ्या छातीचे होते. घाबरल्यावर साखर वाढते का गं?”

“वाढते ना. जीव घाबरला की यकृत साखर सोडतं, पळायला बळ हवं म्हणून.” बोलता बोलता तिचा आवाज मंदावला.

“तू उंदीर पकडतेस, फडक्यात गुंडाळतेस, शेपटी टोचतेस. तुझ्या यंत्रात येतो तो आकडा आजाराचा की भीतीचा?”

“दोन्हींचा. पण भीती सगळ्यांनाच सारखी, म्हणून वजाबाकीत ती निघून जाते.”

“आणि एखाद्या फळीची भीतीच निघून गेली असेल तर?”

पालेवाली पायरीवर बसली. बोटांनी हवेत आकडे मांडू लागली. दोनशे नव्वदात भीती ऐंशीची धरली, तर खालच्या फळीचा आजार दोनशे दहाचा. तो तसाच आहे, एका अंकानेही हललेला नाही. गेली ती फक्त भीती. आणि पाल्याच्या फळीच्या एकशे नव्वदात भीती अजून ऐंशी. म्हणजे आजार उरला–

“एकशे दहा,” ती पुटपुटली. “बाई, एकशे दहा म्हणजे धडधाकट.”

“नुसतं म्हणून चालणार नाही. समितीला दाखवायला हवं. माणसांची ती तीन महिन्यांची साखर काढतात ना? तिला घाबरवता येत नाही.”

“उंदरांची काढली तर मागच्या काही आठवड्यांची कळेल. थेंबभर रक्त पुरतं. दुसऱ्या मजल्यावर करतात, उद्या सकाळी आकडे मिळतील.” ती उठून धावली, आणि चार पायऱ्यांवर थांबून वळली. “पण बाई, त्यांची भीती घालवली कुणी?”

बाईंनी घड्याळ बघितलं. दोन वाजून दहा मिनिटं. “तू आधी वर जाऊन सांगून ये, रक्त तीननंतर घे,” त्या म्हणाल्या, आणि एकट्याच खाली उतरल्या.

ॲनिमल हाउसचं दार नुसतं लोटलेलं होतं. बुटक्या स्टुलावर, गुडघे छातीशी घेऊन, सर बसले होते. एक उंदीर त्यांच्या बाहीत अर्धा शिरला होता आणि कोटाचा धागा शांतपणे कुरतडत होता. सर त्याला काहीतरी सांगत होते. हलक्या आवाजात, आजच्या पत्रव्यवहाराबद्दल.

७

सर दचकले नाहीत. त्यांनी उंदीर बाहीतून सोडवला, पिंजऱ्यात ठेवला, झाकण लावलं. मग म्हणाले, “मी यांना काही देत नाही, बाई. अर्क तर नाहीच.”

“ठाऊक आहे.”

“वरच्या फळ्यांना मी कधी हात लावला नाही. त्यांच्यावर औषध चालू आहे, प्रयोग बिघडेल. यांना तर काहीच द्यायचं नाही. यांच्यापाशी बसलं तर बिघडायला आहे काय? असा विचार करून बसत होतो. अर्धा तास.”

तीस वर्षं ज्याने मुलांना प्रयोग शिकवले, त्याने केलेली ही चूक. दुसऱ्या कुणी केलीच नसती. भोळ्या माणसाने सगळ्यांनाच कुरवाळलं असतं. बाईंनी जिन्यातलं गणित त्यांना सांगितलं. पाढ्यांचं, भुशाचं, ऐंशीचं, आणि मामांच्या चमच्याचंही. सर ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा हळूहळू उघडत गेला, पण उघडल्यावर आत दिवा नव्हता.

“म्हणजे नाव मागितलं ते माझंच,” ते म्हणाले.

“हो.”

“अठ्ठाविसाव्या दिवशी हे जाणार. सगळे. त्यांच्या पोटातल्या ग्रंथी बघायच्या असतात.” ते पिंजऱ्याकडे बघत बोलत होते. “जाणार हे नक्की ठाऊक असलं की बोलायला सोपं जातं. माणसांचं तसं नसतं. बायको गेली तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं, तारीख अमुक. मी आपला रोज उद्या बोलू म्हणत राहिलो.”

बाईंनी जमिनीवर पडलेला कोटाचा कुरतडलेला धागा उचलला.

“उद्या समितीत मामांनी अर्क घेतल्याचं कबूल केलं,” सर म्हणाले, “की सगळे समजतील, त्यांनीच पाजला. प्रश्न मिटेल. कुणाला काही विचारावं लागणार नाही.”

“मिटेल,” बाई म्हणाल्या. “मामा सुनेच्या स्वयंपाकघराबाहेर जाऊन बसतील. पोरगी सामान बांधेल. आणि पाला खोटा ठरेल, तो खरा असताना. मी सांगू शकते सर, पण मी शाळेतली मास्तरीण. उंदीर जाळीशी उभे राहिले म्हणून विभागप्रमुखावर बोट ठेवलं तर हसतील मला. हे तुम्हीच सांगायला हवं.”

“त्या साल कुटणाऱ्या पोरासमोर?”

“सगळ्यांसमोर.”

सरांनी बाहीच्या दशा बोटांनी सारख्या केल्या. मग उठून बाहेर निघून गेले.

८

गुरुवारी लांबट टेबलाभोवती आठ माणसं बसली. मामा दाराशी उभे. त्यांना खुर्ची दिली होती, पण ते बसले नाहीत. त्यांनी आपलं कबूल केलं, चमचा आणि दिवस धरून, आणि खोलीत ‘अस्सं होय’ अशी कुजबुज फिरली. समितीच्या अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं.

“मग बाई, तुमच्याकडून आणखी काही?”

बाईंनी सरांकडे पाहिलं. सर समोरच्या कोऱ्या कागदाकडे बघत होते. पालेवाली टेबलाखाली नखं खुडत होती. बाईंनी बोलायला तोंड उघडलं, हसतील तर हसोत म्हणून.

“थांबा,” सर म्हणाले.

ते उभे राहिले. सभेत ते कधी उभे राहून बोलत नसत.

“मामांनी अर्क स्वतः प्यायला. खालच्या फळीला कुणीही औषध दिलेलं नाही. रोज दुपारी दोन ते अडीच मी तिथे बसत होतो, आणि त्या सहा उंदरांना हातात घेत होतो. ते माणसाच्या हाताला सरावले, म्हणून मोजताना त्यांची साखर चढली नाही. प्रयोग बिघडवला तो मी.”

अध्यक्ष म्हणाले, “हातात घेत होता म्हणजे? कशासाठी?”

बाईंना वाटलं, आता हा माणूस काहीतरी शास्त्रीय सांगेल. निरीक्षण, नोंद, काहीतरी. त्यांना तसं सांगितलं असतं तरी चाललं असतं.

“सोबतीसाठी,” सर म्हणाले, आणि खाली बसले.

सालवाला, ज्याच्या तोंडाला कधी विश्रांती नसे, तो खिडकीबाहेर बघत राहिला.

मग पालेवालीने दुसऱ्या मजल्यावरचा कागद मांडला. मागच्या आठवड्यांची साखर खालच्या फळीची तशीच चढलेली, जरासुद्धा उतरलेली नाही. पाल्याच्या फळीची धडधाकट उंदरांच्या शेजारी जाऊन बसलेली. सोबत मामांची भुशाची आणि पाण्याची वही, जी आजवर कुणी उघडली नव्हती. अध्यक्षांनी दोन्ही कागद तीनदा वाचले. शेवटी ठरलं, की प्रयोग बाद नाही. पण पुन्हा करायचा, आणि या वेळी प्रत्येक फळीला रोज सारखाच वेळ हातात घ्यायचं. तेवढ्यासाठी पालेवालीला सहा महिने वाढवून मिळाले. मामांना आधी डॉक्टरकडे आणि मग कामावर यायला सांगितलं. फ्रिजला कुलूप लागलं, आणि त्याचीही किल्ली मामांकडेच राहिली.

सरांना कुणी काही बोललं नाही. सभा सुटल्यावर सगळे त्यांच्या खुर्चीला वळसा घालून बाहेर गेले, झोपलेल्या माणसाजवळून जातात तसे.

९

सोमवार अठ्ठाविसावा दिवस. बाईंचं काम संपलं होतं, तरी त्या आल्या. घरी थांबून सोमवार काही लवकर संपला नसता.

उंदरांना कायमचं निजवायचं काम नेहमी पालेवाली आणि मामा करत. काचेचा डबा, त्याला वायूची नळी; आत ठेवलं की उंदीर झोपतो आणि उठत नाही. आधी वजन, मग शेपटीचा शेवटचा थेंब, मग डबा. वरच्या तीन फळ्या दुपारपर्यंत झाल्या. घाबरलेले उंदीर हातातून निसटत होते, आणि पालेवालीचे ओठ घट्ट मिटलेले होते.

दोनच्या सुमाराला सर आले. नव्या कोटात.

“खालची फळी मी धरतो,” ते म्हणाले. “माझ्या हातात ते धडपडणार नाहीत.”

कुणी हरकत घेतली नाही. सालवाल्याने न सांगता वही उचलली. सर स्टुलावर बसले आणि पहिला उंदीर ओंजळीत घेतला. पालेवालीने टोचलं. दोनशे नऊ. उंदराने मानसुद्धा वळवली नाही. सरांनी त्याच्या पाठीवरून दोनदा अंगठा फिरवला आणि तो मामांच्या हाती दिला.

असे पाच झाले. खोलीत नळीचा बारीक सूं-सूं आवाज, दुसरा नाही. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मनात ओवी जुळत होती, पण तिचा दुसरा चरण त्यांनी जुळू दिला नाही.

सहावा उंदीर ओंजळीत आला, गोल फिरला, आणि झोपी गेला. पालेवालीने थेंब घेतला, आकडा वाचला, सालवाल्याने लिहिला. मामांनी दोन्ही हात पुढे केले. सरांनी ओंजळ उघडली नाही.

मामा हात तसेच धरून उभे राहिले. पालेवालीने सुई ट्रेमध्ये ठेवली. सालवाल्याने वही मिटली, तीही आवाज न करता. कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही, कुणी घसा साफ केला नाही. उंदराची पाठ वरखाली होत होती, सावकाश, झोपलेल्या कुठल्याही जिवाची होते तशी.

बऱ्याच वेळाने सरच म्हणाले, “मामा, डबा जवळ घ्या. मीच ठेवतो.”